एका कार्बुरेटरची बखर : गडहिंग्लज, येझदी आणि उसाचे पेट्रोल

१. गडहिंग्लज म्हटले की इतिहासाच्या वाचकाला दोन ठिकाणे आधी आठवतात. एक नेसरीची खिंड, जिथे २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार धारातीर्थी पडले. दुसरे सामानगड, जिथून १८४४ साली गडकऱ्यांचे बंड पेटले. या धाग्याचा विषय मात्र त्याच तालुक्यातील, तळहातावर मावणारी एक वस्तू आहे : जुन्या मोटारसायकलचा कार्बुरेटर. त्यातील मुख्य छिद्र जेमतेम एक मिलिमीटरचे असते. या छिद्रातून गेल्या काही दशकांत काय काय वाहून गेले आणि ते अडले की दोष कसा शोधावा, हे दोन्ही प्रश्न इथे एकत्रच घ्यावे लागतात. कारण दुसऱ्याचे उत्तर पहिल्याशिवाय मिळत नाही.

२. प्रथम वस्तूची ओळख. पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही. त्याचा बारीक तुषार हवेत मिसळावा लागतो. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण राखणारे यंत्र म्हणजे कार्बुरेटर. डाइमलर आणि मायबाख यांची १८८५ ची दुचाकी, कार्ल बेंझची १८८६ ची तीनचाकी, या आरंभीच्या वाहनांत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यात वाफ मिसळण्याची साधी युक्ती होती. १८९३ साली विल्हेल्म मायबाखने बारीक तोटीतून पेट्रोलचा फवारा सोडणारा कार्बुरेटर सिद्ध केला. त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये बांकी आणि चोंका या दोघांनीही तशाच रचनेचे पेटंट घेतले. पुढची शंभर वर्षे जगातील बहुतेक पेट्रोल इंजिने याच कल्पनेवर चालली.

३. या फवाऱ्यामागचे तत्त्व त्याहून जुने आहे. वाहत्या द्रवाचा वेग वाढला की दाब घटतो, हे दानिएल बेर्नुलीने १७३८ साली मांडले. नळी मध्येच अरुंद केली की तेथे काय घडते, याचे प्रयोग जोव्हान्नी व्हेंतुरीने १७९७ साली प्रसिद्ध केले. ही नावे परकी वाटली, तरी गडहिंग्लजच्या ऊसपट्ट्यात व्हेंतुरी हा परका माणूस नाही. ठिबक सिंचनातून विद्राव्य खत सोडायला शेतकरी जी ‘व्हेंच्युरी’ बसवतात, ती त्याच्याच नावाची. पाण्याचा वेग अरुंद जागी वाढतो, दाब घटतो आणि बादलीतील खत आपोआप ओढले जाते. कार्बुरेटरमध्ये पाण्याच्या जागी हवा आणि खताच्या जागी पेट्रोल, एवढाच फरक.

४. आता ॲक्सिलेटर. मुठीला पीळ दिला की केबल ओढली जाते आणि कार्बुरेटरमधील नळकांड्यासारखी स्लाइड वर सरकते; तिच्याखालून जाणारी हवा वाढते. त्या स्लाइडला एक निमुळती सुई लटकलेली असते. ती वर गेली की छिद्र मोकळे होते आणि पेट्रोल वाढते. मूठ जवळपास मिटलेली असताना गाडी ‘स्लो’ जेटवर आणि हवेच्या स्क्रूवर चालते. थोडी उघडली की स्लाइडच्या खालच्या कडेचा काप काम करतो. पाव ते पाऊण मुठीपर्यंत सुईचे राज्य असते आणि त्यापुढे मुख्य जेटचे. म्हणून ‘गाडी ओढत नाही’ ही तक्रार अपुरी आहे. किती मुठीवर ओढत नाही, हे सांगितले तरच तिला अर्थ येतो. मुठीवर आणि तिच्या शेजारी खडूची रेघ ओढून हे नेमके पाहता येते.

५. ही यंत्रे या भागात आली कशी? फ्रान्तिशेक यानेचेक या चेक उद्योजकाने १९२९ साली ‘वांडरर’ या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव केले. भारतात १९६० साली म्हैसूरमध्ये ‘आयडियल जावा’ ही कंपनी उभी राहिली. तिच्यामागे इराणी कुटुंब होते. १९७० च्या दशकात तीच गाडी ‘येझदी’ या नावाने बाजारात आली. दोन स्ट्रोकचे सुमारे २५० सीसीचे इंजिन, दोन सायलेन्सर, आणि किक व गिअर यांचा एकच दांडा. फरिदाबादच्या ‘एस्कॉर्ट्स’ची राजदूत पोलिश रचनेवरची, मद्रासची बुलेट इंग्रजी रचनेवरची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण महाराष्ट्रातील रस्त्यांवर अशा तऱ्हेने तीन देशांची यंत्रविद्या धावत होती. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. गाड्या मात्र चालतच राहिल्या.

६. त्या चालत राहिल्या याला कारण आहे. १९९१ पूर्वीच्या परवाना पद्धतीत उत्पादनावर मर्यादा होती. बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. नवी गाडी सहज मिळत नसेल, तर जुनी दुरुस्त करणे हाच व्यवहार ठरतो. शिवाय या पट्ट्यात यंत्रदुरुस्तीची परंपरा आधीपासून होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचा धंदा सुरू केला तो बेळगावात, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभारली ती तेव्हाच्या औंध संस्थानात. पुढे विहिरींवर ऑइल इंजिने आली आणि कोल्हापूरचे उद्यमनगर ओतकाम व इंजिनांच्या सुट्या भागांसाठी ओळखले जाऊ लागले. इंजिनाचा आवाज ऐकून रोग ओळखणारे कान गावोगाव तयार झाले ते या काळात.

७. अशाच एका कानाची ही गोष्ट. गडहिंग्लज तालुक्यातील एका ऊस-शेतकऱ्याच्या घरी त्याची येझदी होती. आजोबांनी ती नवी घेतली, कारखान्याच्या हेलपाट्यांना वापरली आणि गुडघे थकल्यावर गोठ्याशेजारी उभी केली. नातू कोल्हापुरात शिकत होता. सुट्टीच्या दिवशी मोडीच्या वर्गाला जात होता. त्याने ती गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची ठरवले. आजोबांना एकदा तिच्यावरून आंबोलीला न्यायचे, हिरण्यकेशीचा उगम दाखवायचा, एवढीच त्याची इच्छा होती. आजोबांचे वय पाहता या इच्छेला मुदत होती, ही गोष्ट घरात कोणी बोलून दाखवत नसे.

८. गाडी चालू झाली, पण तिची तीन लक्षणे जाईनात. मूठ सोडली तरी रेस लगेच खाली येत नसे. अर्ध्या मुठीवर ती अडखळे, मिसिंग मारी. आणि दहा-बारा किलोमीटर गेल्यावर कधी कधी सरळ बंद पडे. थोडे थांबले की पुन्हा चालू होई. ती तीन दुरुस्तीच्या दुकानांतून फिरून आली होती. एका ठिकाणी जेट बदलले गेले, दुसऱ्या ठिकाणी हवेचा स्क्रू हलवला गेला, तिसऱ्या ठिकाणी सुईची जागा. प्रत्येक वेळी दोन दिवस बरे वाटले. मूळ स्थिती काय होती, हे आता कोणालाच सांगता येत नव्हते. मोडीचा विद्यार्थी असल्याने नातवाला यासाठी शब्द सापडला : प्रक्षिप्त. मूळ संहितेत तीन हातांनी आपापली भर घातली होती.

९. शेवटी तो गावातील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेला. त्यांनी हात शिकवला होता तो विहिरीवरच्या इंजिनांवर; मोटारसायकली नंतर आल्या. सगळी हकिगत ऐकून ते म्हणाले, “आधी सगळं हाय तसं करू. मग एकेक बघू. चार जण एकदम बोलाय लागल्यावर कुणाचं खरं, ते कळतंय व्हय?” दोष शोधण्याचा पहिला नियम यात आला. गाडी प्रथम कारखान्याच्या मूळ मापावर आणावी : मूळ क्रमांकाचे जेट, सुईची क्लिप मधल्या खाचेत, हवेचा स्क्रू पुस्तिकेत सांगितलेल्या फेऱ्यांवर. नंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि चालवून पाहावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि फरक पडला, तर तो कशाने पडला हे कधीच कळत नाही.

१०. दुसरा नियम असा की कार्बुरेटरवर आरोप ठेवण्यापूर्वी इतर संशयित तपासावेत. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी कार्बुरेटरला हातच लावला नाही. गाडी बंद पडताच त्यांनी नातवाला टाकीचे झाकण सैल करायला सांगितले. आत हवा शिरल्याचा हलका आवाज झाला आणि गाडी लगेच सुरू झाली. झाकणातील श्वासाचे छिद्र मातीने बुजले होते. पेट्रोल खाली उतरायचे तर त्याची जागा घ्यायला हवा आत यावी लागते. ती न आल्याने काही किलोमीटरनंतर प्रवाह थांबत होता. तिसरे लक्षण एका टाचणीने संपले. पेट्रोल कॉकमधील जाळी, हवेचा फिल्टर, सीबी पॉइंटमधील अंतर आणि दोन स्ट्रोकच्या गाडीत काजळीने चोंदणारा सायलेन्सर, हे चारही असेच निरपराध कार्बुरेटरच्या नावावर गुन्हे करतात.

११. तिसरा नियम समकालीन साधन आधी वाचण्याचा. इंजिनाच्या आत काय घडले याचा लेखी पुरावा म्हणजे स्पार्क प्लग. ठरावीक मुठीवर काही अंतर गाडी चालवावी, त्याच स्थितीत क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि थंड झाल्यावर प्लग काढावा. टोकाचा चिनी मातीचा भाग बिस्किटाच्या रंगाचा असेल तर मिश्रण ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढराफटक असेल तर हवा जास्त आणि इंजिन तापत आहे. ओला, तेलकट काळा असेल तर ऑइलचे प्रमाण किंवा ठिणगी तपासावी. येझदीचा प्लग अर्ध्या मुठीच्या चाचणीनंतर पांढरा निघाला. अडखळण्याचे कारण पेट्रोल जास्त होणे नसून कमी पडणे हे होते. यापूर्वी नेमका उलटा निष्कर्ष काढून जेट लहान केले गेले होते.

१२. आता रेस खाली न येण्याचा प्रश्न. याची सर्वांत साधी परीक्षा हँडलची आहे. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये इंजिन मंद चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवावे. रेस वाढली तर केबल आखूड आहे किंवा चुकीच्या वाटेने नेली आहे. मुठीला किंचित मोकळी हालचाल हवीच. केबलचे तंतू तुटून आत अडकत असतील, तर ती बदलावी. तेल घालून वेळ मारून नेऊ नये, कारण वळणावर न मिटणारी मूठ जीव घेऊ शकते. केबल ठीक असेल तर स्लाइड पाहावी. तिच्यावर ओरखडे असले, किंवा बोल्ट अति आवळल्याने कार्बुरेटरचे तोंड वाकले असले, तरी ती अडकते. येझदीची केबल आणि स्लाइड दोन्ही निर्दोष निघाल्या.

१३. उरली ती चोरवाट. कार्बुरेटर आणि सिलिंडर यांच्यामधील पॅकिंग फाटले की तेथून जादा हवा आत शिरते. ती कार्बुरेटरने मोजलेली नसते, म्हणून मिश्रण पातळ होते आणि मूठ सोडूनही रेस टिकून राहते. मिस्त्रींनी त्या सांध्यावर ब्रशने साबणाचे पाणी लावले. क्षणभर इंजिनाचा आवाज बदलला आणि रेस खाली आली; पाण्याने फट तेवढ्यापुरती झाकली होती. काही जण हीच परीक्षा पेट्रोल उडवून करतात. तापलेल्या इंजिनाजवळ तो आगीला दिलेला निमंत्रणाचा विडा आहे. पॅकिंग बदलले, तोंड सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सरळ केले आणि पहिले लक्षणही गेले. दोन स्ट्रोकच्या गाडीत याने भागले नाही, तर क्रँकची ऑइल सील तपासावी लागते.

१४. अर्ध्या मुठीवरचे अडखळणे कमी झाले, पण संपले नाही. तेव्हा कार्बुरेटर उघडला गेला. त्याच्या वाटीत एक पोकळ फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल पुरेसे झाले की तो वर उचलला जाऊन सुईने वाट बंद करतो. संडासाच्या टाकीतील फुग्याचे काम हेच. फ्लोटमध्ये पेट्रोल शिरले असेल तर कानाशी हलवल्यावर ऐकू येते आणि गरम पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे येतात. तो जड झाला की कार्बुरेटर ओव्हरफ्लो होतो. जेट साफ करताना तार घालणे टाळावे. पितळ मऊ असते. छिद्र शतांश मिलिमीटरने वाढले तरी माप बिघडते. मिस्त्री केरसुणीची काडी आणि हवेचा झोत वापरत. या गाडीचा फ्लोट ठीक होता. वाटीच्या तळाशी मात्र काहीतरी वेगळे होते.

१५. ते एक गढूळ थेंबांचे तळे होते. पेट्रोलपासून वेगळे झालेले, त्याच्याखाली बसलेले, आणि त्यात तांबूस गंजाची भुकटी. नातवाने ते काचेच्या बाटलीत घेतले. इथून पुढचा शोध पान्यांनी होण्यासारखा नव्हता. कार्बुरेटरच्या वाटीत जे साठते ते त्या त्या काळाच्या इंधनधोरणाचे, बाजारभावाचे आणि कधी गुन्ह्याचेही अवशेष असते. वरच्या थरापासून खाली उतरत उत्खनन करावे, तसे हे थर पाहता येतात.

१६. सर्वांत जुना थर शिशाचा. इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून विसाव्या शतकात जगभर पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालत. आजोबांनी गाडी घेतली तेव्हा भारतातील पेट्रोलही शिशाचेच होते. हवेत मिसळणारे शिसे मुलांच्या मेंदूला घातक ठरते, हे सिद्ध झाल्यावर १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल विकले जाऊ लागले. या बदलाची दखल बहुतेक वाहनधारकांनी घेतलीही नाही. दोन स्ट्रोकच्या इंजिनात झडपाच नसल्याने त्यांच्या बैठका झिजण्याचा प्रश्न येझदीला आला नाही. एक मोठा सार्वजनिक लाभ या छोट्या छिद्रातून निमूटपणे पार पडला.

१७. दुसरा थर रॉकेलचा. स्वस्त धान्य दुकानातील रॉकेल अनुदानामुळे पेट्रोलपेक्षा कितीतरी स्वस्त होते. ते ओळखता यावे म्हणून त्याला निळा रंग दिला जाई. भेसळीची लालूच या दरातील फरकातच होती. गाडी उशिरा सुरू होणे, धूर, ठोके, काळा प्लग ही तिची लक्षणे. दोष कार्बुरेटरचा समजून मिस्त्री जेट बदलत राहत आणि अपराधी दुसरीकडेच असे. या व्यवहाराची किंमत पैशांतच मोजली गेली नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ इंधनभेसळीवर कारवाई करायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. भेसळ ओळखणारा कान गावात असला, तरी ती थांबवणाऱ्या हाताला काय सोसावे लागते, हे महाराष्ट्राने त्या दिवशी पाहिले.

१८. तिसरा थर सर्वांत ताजा आणि गडहिंग्लजच्या सर्वांत जवळचा : इथेनॉल, म्हणजे मद्यार्क. कल्पना नवी नाही. मोटारीत जाळायच्या मद्यार्कासाठी भारतात १९४८ सालीच स्वतंत्र कायदा झाला होता. आधुनिक प्रयोग २००१ मध्ये सुरू झाले आणि त्यासाठी निवडलेल्या ठिकाणांत मिरज व मनमाड होते. मिरज ही तर कोल्हापूरची शेजारीणच. जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत ५ टक्के मिश्रण आले. २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला. २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत तेच सर्वत्र नेहमीचे झाले. मूळ लक्ष्य २०३० चे होते. ते अलीकडे आणले गेले.

१९. यात ऊस-शेतकऱ्याचा जीव गुंतलेला आहे. एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल मिळते. साखर गोदामात पडून राहिली की उसाचे बिल थकते. इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात. म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध आणले, तेव्हा या पट्ट्यात अस्वस्थता पसरली. हरळीच्या गडहिंग्लज तालुका साखर कारखान्याच्या परिसरात ज्यांचे आयुष्य उसाच्या फडात गेले, त्यांच्यासाठी हा विषय घरचा आहे. नातवाने बाटली दाखवली तेव्हा आजोबा हसून म्हणाले, “म्हंजे ऊसबी आमचाच, पेट्रोलबी आमचंच. मग गाडी का रुसत्या?”

२०. गाडी का रुसते, याची कारणे रसायनशास्त्रात आहेत. इथेनॉलच्या रेणूत आधीच प्राणवायू असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते : एका ग्रॅमला सुमारे ९ ग्रॅम. २० टक्के मिश्रणाला मग १४.७ ऐवजी साधारण १३.५ ग्रॅम हवा पुरते. नव्या गाडीतील संवेदक हे ओळखून इंधन वाढवतो. कार्बुरेटरला ते कळत नाही. तो जुन्याच मापाने पेट्रोल देतो आणि मिश्रण पातळ होते. पांढऱ्या प्लगचे उरलेले कारण हे होते. इथेनॉलमध्ये उष्णताही पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेही जुन्या रचनेच्या दुचाकींचे मायलेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असे मान्य केले होते.

२१. बाटलीतील तळ्याचे उत्तरही इथेच आहे. इथेनॉल हवेतील ओल शोषते. पावसाळ्यात महिनोन्महिने अर्धी टाकी तशीच राहिली, तर एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन खाली बसतात. टाकीचा कॉक तळातूनच ओढतो. दोन स्ट्रोकच्या गाडीत हे अधिक धोक्याचे आहे. तिचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असते, लिटरमागे साधारण ४० मिलिलिटर. ते वरच्या पेट्रोलबरोबर राहते. इंजिनाला खालचा, तेलाविना थर मिळाला तर पिस्टन जाम होऊ शकतो. इथेनॉल जुना गंज आणि चिकटा सोडवून जेटपर्यंत आणते आणि जुन्या प्रकारचे रबर फुगवते. बाटलीतील गंज त्याच टाकीचा होता.

२२. उपाय खर्चिक नव्हते. टाकी रिकामी करून गंज काढला. पेट्रोलची नळी आणि रबरी सील इथेनॉल सोसणारे घातले. कॉक आणि कार्बुरेटर यांच्यामध्ये कागदी फिल्टर बसवला. मूळ मापाचे जेट तसेच ठेवून सुईची क्लिप एका खाचेने खाली घेतली. त्यामुळे सुई वर आली आणि मधल्या मुठीवर पेट्रोल वाढले. प्लग पुन्हा पाहिला, तर रंग बिस्किटाकडे झुकला होता. पूर्ण मुठीची चाचणी संकेश्वर रस्त्यावर सकाळी, रहदारी नसताना घेतली. तिथे एक क्रमांक मोठे मुख्य जेट लागले. गाडी उभी ठेवायची असेल तेव्हा कॉक बंद करून वाटीतील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवायचे, ही सवयही लावून घेतली गेली.

२३. आंबोलीचा घाट म्हणजे शेवटची परीक्षा. ते गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आणि राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. उंचावर हवा विरळ होते, तेव्हा तेच जेट जरा जास्त पेट्रोल देऊ लागते. गडहिंग्लजही पठारावरच असल्याने फरक मोठा पडत नाही. पण घाट उतरून सावंतवाडीकडे गेले, तर प्लगचा रंग पुन्हा बदलू शकतो. कार्बुरेटरला सर्व ठिकाणांसाठी एकच सत्य नसते. आजोबा दिवाळीनंतरच्या कोरड्या सकाळी मागच्या सीटवर बसून उगमापर्यंत गेले. वाटेत त्यांनी दोनदा गाडी थांबवायला लावली. एकदा आवाज ऐकायला आणि एकदा चहाला.

२४. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बुरेटर जवळपास नाहीसा झाला. हवेच्या शुद्धतेसाठी ते योग्यच होते. दोन स्ट्रोकचा निळा धूर पुन्हा यावा, असे कोणी म्हणणार नाही. इथेनॉलनेही ऊसपट्ट्यात पैसा आणला. पण धोरण आखताना आधीच रस्त्यावर असलेल्या जुन्या गाड्यांचा हिशेब उसाच्या बिलाइतक्या काळजीने झाला नाही. त्यांचे मालक बहुधा नवी गाडी न परवडणारे असतात : दूधवाले, फेरीवाले, अल्पभूधारक. त्यांच्या जेटचे माप कोणी बदलून दिले नाही. ते काम गावोगावच्या मिस्त्रींनी, कोणत्याही परिपत्रकाविना, एकेका खाचेने केले. याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

२५. म्हणून जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येक इतिहासप्रेमीने एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, मुख्य जेटचा क्रमांक, सुईची खाच, हवेच्या स्क्रूच्या फेऱ्या, प्लगचा रंग, पेट्रोल कोणत्या दिवशी भरले आणि त्यात इथेनॉल किती. ते प्रमाण घरीही ताडता येते. मापाच्या काचेच्या नळीत ९० मिलिलिटर पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी घालून हलवावे, आगीपासून दूर. इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर जेवढा वाढतो तो साधारण त्याचा वाटा. येझदीच्या वहीच्या पहिल्या पानावर मिस्त्रींनी सांगितलेली मूळ मापे आहेत. दुसऱ्या पानावर, नातवाच्या विनंतीवरून, आजोबांनी आठवेल तसे लिहून दिले आहे : गाडी कधी घेतली, पहिली केबल कुठे तुटली आणि त्या वर्षी उसाला दर काय मिळाला होता.